दारुकावनातील गंधमूषिका

तीर्थयात्रेस गेलेल्या मनुष्याने परत आल्यावर देवाचे वर्णन करावे, मार्गाची सोय सांगावी, आणि मिळालेला प्रसाद घरोघर वाटावा, अशी आपल्याकडील चाल आहे. आम्हीही त्या चालीस अनुसरून औंढा नागनाथाच्या यात्रेचा वृत्तांत वाचकांस सादर करीत आहो. परंतु या वृत्तांतात देवापेक्षा एका क्षुद्र जनावराचाच भाग अधिक झाला आहे, हे आरंभीच कबूल केलेले बरे. ज्याच्या नावानेच घरातील स्त्रिया नाक मुरडतात, ते हे जनावर, अर्थात चिचुंद्री. तिचा आणि नागनाथाचा संबंध काय, असे कोणी विचारील, तर त्याने हा लेख शेवटपर्यंत वाचावा, एवढीच विनंती आहे.

औंढा नागनाथ हे क्षेत्र हिंगोली जिल्ह्यात आहे. हा जिल्हा वयाने लहान. १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्यातून तो वेगळा काढण्यात आला. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ आणि वसमत असे त्याचे पाच तालुके. जिल्हा नवा असला तरी मुलूख फार जुना आहे. एकोणिसाव्या शतकात निजामाच्या खर्चाने पोसल्या जाणाऱ्या हैदराबाद कंटिन्जंट फौजेची छावणी हिंगोलीस असे. पुढे १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामी राजवट संपली, १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १९६० साली महाराष्ट्रात. ज्यांस आगगाडीने जावयाचे असेल त्यांनी पूर्णा जंक्शनावर गाडी बदलून अकोल्याच्या मार्गाने हिंगोली डेक्कन या स्थानकावर उतरावे. हा मार्ग पूर्वी अरुंद रुळांचा होता. २००८ साली त्याचे रुंदीकरण पुरे झाले. हिंगोलीहून औंढ्यास एस.टी.ची मोटार मिळते आणि तासाभरात मनुष्य देवाच्या गावी पोहोचतो.

आम्ही श्रावणात गेलो होतो. बरोबर आमची नात होती. ती महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकते, आणि आजोबांच्या चुका काढणे हे आपले दुसरे शास्त्र समजते. मुलूख काळ्या दगडाचा. अजिंठ्याच्या डोंगररांगेचे फाटे या बाजूस उतरत आले आहेत, त्यांतील एक भाग हिंगोलीचे डोंगर या नावानेच ओळखला जातो. उन्हाळ्यात हे डोंगर भाजून निघालेले असतात. श्रावणात मात्र पळस, साग, धावडा, आपटा यांनी ते असे काही झाकले जातात की, उन्हाळ्यात पाहिलेला मनुष्य त्यांस ओळखणार नाही. शेतांतून हळदीची रुंद पाने डोलत होती. हिंगोलीची हळदीची पेठ नावाजलेली आहे, आणि वसमतच्या हळदीस अलीकडे भौगोलिक मानांकनही लाभले आहे.

द्वादश ज्योतिर्लिंगांच्या स्तोत्रात नागेशाचे स्थान दारुकावनात सांगितले आहे. ते वन म्हणजे हेच औंढे, असे आपण महाराष्ट्रीय मानतो. गुजराथेतील लोक द्वारकेजवळचे नागेश्वर दाखवितात, आणि हिमालयातील लोक जागेश्वराचा आग्रह धरतात. दारु म्हणजे लाकूड, आणि देवदारु हा हिमालयाचा वृक्ष, एवढ्या व्युत्पत्तीवर हा वाद मिटविता आला असता, तर पंडितांस काम उरले नसते. आम्ही त्यात पडत नाही. मंदिर यादवकालीन, हेमाडपंती बांधणीचे. खालचा भाग जुना, कोरीव कामाने भरलेला, आणि वरचा भाग मागाहून बांधलेला. देवी अहिल्याबाईंनी त्याचा जीर्णोद्धार केल्याचे सांगतात. ज्योतिर्लिंग सभामंडपाच्या पातळीवर नाही. एका चिंचोळ्या वाटेने पाठ वाकवून खाली उतरावे लागते, आणि खाली गेल्यावरही उभे राहण्याइतकी उंची नाही. कितीही मोठा मनुष्य असो, या देवापुढे त्यास वाकूनच जावे लागते. हे वाक्य आम्ही त्या वेळी सहज टिपून ठेवले होते. त्याचा अर्थ आम्हांस दोन दिवसांनी कळला.

आमचा मुक्काम मावसभावाच्या घरी होता. घर जुन्या पद्धतीचे, माळवदाचे. पुढे ओसरी, मध्ये चौक, मागे स्वयंपाकघर व मोरी, आणि मोरीला लागून कोठीची खोली. त्या खोलीत धान्याच्या कणग्यांशेजारी हळदीची पोती रचलेली होती. घरात चार पिढ्यांची माणसे नांदतात. सर्वांत वडील आमची मावशी. वय नव्वदीच्या घरात, शिक्षण मुळीच नाही, कान थोडे मंद, पण नजर शाबूत. सर्वांत धाकटे मावसभावाचे नातवंड. पाच महिन्यांचे, पाळण्यात निजणारे.

पहिल्याच रात्री, निजानीज झाल्यावर, भिंतीच्या कडेने बारीक खणखणाट ऐकू आला, आणि पाठोपाठ तो परिचित उग्र दर्प. सकाळी चहाच्या वेळी या विषयाची चर्चा निघाली. सूनबाईंचे म्हणणे असे की, घरात तान्हे मूल आहे; हे जनावर रात्रभर पाळण्याखालून फिरते, भाजीच्या टोपलीस वास लागतो; याचा काही तरी बंदोबस्त झालाच पाहिजे. तिच्या नवऱ्याने उंदराचे औषध आणण्याची तयारी दर्शविली. मावशी मात्र ठाम होती. ती म्हणाली, “ती पैसे वाजवीत येते रे. लक्ष्मी आहे ती. आणि आता तर मुळीच धरू नका, लेकुरवाळी आहे. पोरांची आगगाडी करून मोरीतून जाताना मी पाहिली तिला परवा.”

हे ऐकून सर्व मंडळी हसली, आणि आम्हीही हसलो. चिचुंद्री पोरांची आगगाडी करते, ही गोष्ट आम्हांस वृद्धापकाळीच्या दृष्टिभ्रमाहून निराळी वाटली नाही.

घरात मास्तर आला म्हणजे त्यास पंच नेमावयाचे, ही आपल्याकडील जुनी खोड आहे. सूनबाई म्हणाली, “काका, तुम्हीच सांगा, शास्त्रात काय आहे?” शास्त्राचे नाव निघाल्यावर आम्ही गप्प बसणे शक्य नव्हते. आम्ही सांगितले की, संस्कृतात हिला छुछुंदरी व गंधमूषिका अशी नावे आहेत. मनुस्मृतीच्या बाराव्या अध्यायात कोणत्या चोरीबद्दल कोणता जन्म मिळतो याची यादी दिली आहे. त्यात सुगंधी द्रव्ये चोरणारा छुछुंदरीच्या जन्मास जातो, असे म्हटले आहे. सुश्रुताने कल्पस्थानात विषारी मूषकांचे अठरा प्रकार सांगितले आहेत, त्यांतही छुछुंदराचे नाव आहे. तेव्हा पूर्वजन्मीचा चोर आणि या जन्मीचा विषारी उंदीर, असा हा प्राणी घरात ठेवण्यासारखा नव्हे. तथापि जीवहत्याही नको. म्हणून पिंजरा लावून तिला धरावे, आणि डोंगराच्या पायथ्याशी नेऊन सोडून द्यावे. निवाडा सर्वांस पटला. मावशी तेवढी काही न बोलता उठून गेली.

रविवारी रात्री पिंजऱ्यात भज्याचा तुकडा लावला, आणि दहाच्या सुमारास दार पडल्याचा आवाज झाला. नातीने जाऊन पाहिले आणि ती म्हणाली, “आजोबा, हिला आत्ताच सोडून येऊ या.” बाहेर पाऊस पडत होता. आम्ही म्हणालो, सकाळी पाहू.

सकाळ म्हणजे श्रावणी सोमवार. आमचा रुद्राभिषेकाचा संकल्प होता. चार वाजता स्नान करून आम्ही सोवळे नेसलो. नातीने पुन्हा पिंजऱ्याची आठवण केली. परंतु पिंजऱ्यास हात लावला असता पुन्हा स्नान करावे लागले असते, भाचा शेतावर गेलेला, आणि रांग तर पहाटेपासूनच लागलेली. ती एकटीच जाण्यास निघाली होती. आम्हीच तिला थांबविले. परत आल्यावर दोघे मिळून जाऊ, असे सांगितले. तिने पिंजऱ्यात पाण्याची वाटी सरकवून ठेवली व ती आमच्या मागून आली. रांगेत पाच तास गेले, अभिषेकात व ब्राह्मणभोजनात उरलेला दिवस गेला. घरी आलो तेव्हा दुपारचे तीन वाजले होते.

चिचुंद्री पिंजऱ्यात मरून पडली होती. पाण्याची वाटी उपडी झालेली होती. तारेच्या एका बाजूस तिने तोंड घासून घासून रक्तबंबाळ केले होते. ती बाजू कोठीच्या खोलीकडची होती.

नात काही बोलली नाही. तिने हातात पिशव्या घालून ते प्रेत बाहेर काढले, कागदावर ठेवले, आणि एका काडीने त्याचे ओठ मागे सारून आम्हांस दाखविले. “आजोबा, दात पाहा.” आम्ही चष्मा लावून पाहिले. उंदराच्या तोंडात पुढे छिन्नीसारखे दात, मग मोकळी जागा, आणि मग दाढा, अशी रचना असते. येथे मोकळी जागाच नव्हती. करवतीसारखी तीक्ष्ण दातांची ओळ पुढून मागेपर्यंत सलग होती. ती म्हणाली, “हा उंदीर नव्हेच. कुरतडणारे दात नाहीत हे. झुरळे, किडे, गांडुळे फोडणारे दात आहेत.”

आता वाचकांस एक गोष्ट सांगणे प्राप्त आहे. आम्ही बत्तीस वर्षे शाळेत शिकविले. भाषेच्या तासाबरोबर खालच्या वर्गांचा प्राण्यांचा पाठही आमच्याकडे असे, आणि त्यात ‘चिचुंद्री हा उंदराचा एक प्रकार होय’ हे वाक्य आम्ही फळ्यावर लिहून देत असू. किती मुलांनी ते वहीत उतरवून घेतले असेल, याचा हिशेब आता होणे नाही. नातीने जी वंशावळ सांगितली ती येणेप्रमाणे: चिचुंद्रीचे जवळचे आप्त म्हणजे साळिंदरासारखा काटेरी पण त्याहून बराच लहान असा जाहक, आणि थंड देशांत जमीन उकरून राहणारा मोल नावाचा प्राणी. दूरचे आप्त म्हणजे वटवाघूळ, कुत्रा, गाय, घोडा. उंदराचे घराणे यांहून निराळे. ते वानरांच्या, म्हणजे पर्यायाने आपल्या घराण्याच्या शेजारचे. एकत्र कुटुंबाच्या भाषेत सांगावयाचे, तर उंदीर हा चिचुंद्रीपेक्षा मनुष्यालाच अधिक जवळचा भाऊबंद आहे. रूपावरून नाते ठरविण्याची चूक मनूने केली, सुश्रुताने केली, आणि आम्हीही केली. फरक इतकाच की, त्यांच्या काळी सांगणारे कोणी नव्हते.

“पण ती मेली कशाने?” असे सूनबाईने विचारले. तिचा चेहरा उतरला होता. नात म्हणाली, “भुकेने आणि भयाने.” या प्राण्यांच्या शरीराची भट्टी फार वेगाने चालते. देह लहान म्हणून उष्णता झपाट्याने जाते, आणि ती भरून काढण्यास सारखे खावे लागते. याच कुळात एट्रुस्कन चिचुंद्री म्हणून एक जात आहे. इटलीतील पाओलो साव्ही यांनी १८२२ साली तिचे वर्णन केले, आणि ती आपल्या देशातही आढळते. तिचे वजन अवघे दोन ग्रॅम, म्हणजे आपल्या जुन्या मापाने दोन मासे. हल्लीच्या रुपयाच्या नाण्याहूनही ती हलकी. वजनाच्या दृष्टीने सस्तन प्राण्यांत सर्वांत लहान मान तिचाच. तिचे हृदय एका मिनिटात दीड हजार वेळांपर्यंत धडधडते. काही तास अन्न मिळाले नाही, तर ती जगत नाही. घरची चिचुंद्री तिच्याहून पुष्कळ मोठी, चार-पाच तोळ्यांची; तिला अंमळ अधिक काळ तग धरता येतो, पण तिच्याकरिताही बंद पिंजऱ्यातील सतरा तास हा लहान उपवास नव्हे. आम्ही ज्यास अहिंसा म्हटले ती अशी निघाली. विषाने मरण आले असते, ते आम्ही उपासाने दिले.

त्याच सायंकाळी कोठीतून फार बारीक आवाज येऊ लागला. पोती हलवून पाहिले, तो भिंतीच्या कोपऱ्यात चिंध्या, पाने व कागद यांचे घरटे, आणि त्याच्या बाहेर तीन पिले. पहिले पुढे चाचपडत होते, दुसऱ्याने पहिल्याच्या शेपटीच्या मुळाशी दातांनी धरले होते, आणि तिसऱ्याने दुसऱ्याच्या. आगगाडी होती, डबे होते. केवळ इंजिन नव्हते. मावशी भिंतीला धरून दारात येऊन उभी राहिली. तिने पाहिले आणि एवढेच म्हणाली, “मी सांगितलं होतं.” त्यात राग नव्हता. राग असता तर बरे झाले असते.

नातीने सांगितले की, ही आगगाडी प्राणिशास्त्रज्ञांस चांगली ठाऊक आहे. घरटे सोडून हलण्याचा प्रसंग आला म्हणजे आई पुढे होते, एक पिलू तिच्या शेपटीच्या मुळाशी धरते, आणि बाकीची एकामागे एक लागतात. पकड इतकी घट्ट असते की, आईला उचलले तर सारी माळच उचलली जाते. अक्षरशत्रू म्हातारीने मोरीत बसून जे पाहिले होते, ते पोथ्या वाचलेल्या आम्हांस पाहावयाचे सुचले नव्हते.

पिलांस कापसाच्या बोळ्याने दूध पाजण्याचा प्रयत्न सूनबाईनेच केला. पाळण्यातील बाळ एका हाताने हालवीत ती दुसऱ्या हाताने तो बोळा धरी. दोन पिले मंगळवारी दुपारी गेली, तिसरे रात्री गेले.

बुधवारी सकाळी आम्ही व नात चारही देह एका पुडीत घेऊन गावाबाहेर डोंगराच्या उतारावर गेलो. जेथे जिवंत सोडावयाचे ठरविले होते, त्याच जागी एका पळसाच्या बुंध्याशी खड्डा केला. पावसाने पालापाचोळा कुजून मऊ झाला होता. हाताने उकरता येत होते. नातीने पाला बाजूस सारला, तो खाली शेकडो जीव वळवळत होते. वाळवी, गोम, भुंगे, अळ्या. ती म्हणाली, “चिचुंद्रीचे मूळचे घर हे. घराची मोरी तिला मागून मिळाली.”

तेथे दगडावर बसून तिने पुष्कळ सांगितले. ही घरची चिचुंद्री माणसाबरोबर गलबतांतून दूरवर गेली. अरबस्तान, पूर्व आफ्रिका, मादागास्कर, आणि आपली मराठी माणसे जेथे जाऊन स्थायिक झाली त्या मॉरिशस बेटापर्यंत. प्रशांत महासागरातील ग्वाम बेटावर ती १९५३ साली पोहोचली. परक्या बेटांवर ती उपद्रवीही ठरली आहे. तेथील मूळचे लहान सरडे व पाली तिने फस्त केले. परंतु तिच्याच कुळातील काही जाती अशा आहेत की, त्या आपला डोंगर सोडून कोठेही जात नाहीत. दक्षिणेकडे, सह्याद्रीच्या टोकाशी निलगिरीच्या बाजूस, ढगांत बुडालेल्या दाट झाडीला शोला म्हणतात. त्या झाडीच्या पाल्याखाली डे यांच्या नावाने ओळखली जाणारी एक लहानशी काळसर चिचुंद्री राहते. डॉब्सन यांनी १८८८ साली तिचे वर्णन केले; आज ती नष्ट होण्याच्या भयात असलेल्या प्राण्यांत मोडते, कारण चहा, निलगिरी व इतर लागवडींकरिता तिचे रान तुकड्यातुकड्यांनी गेले. अंदमानच्या बाजूस नारकोंडम या ज्वालामुखीच्या बेटावरील रानात एक नवीच जात सापडल्याचे आपल्या शास्त्रज्ञांनी २०२१ साली जाहीर केले. एका डोंगराची, एका बेटाची, पाल्याच्या एका थराची अशी ही प्रजा आहे. तो थर गेला म्हणजे तीही जाते, आणि जाताना तिचा दर्पसुद्धा कोणास जाणवत नाही.

आम्ही तिला विचारले, “मग सुश्रुताचे म्हणणे अगदीच खोटे का?” ती म्हणाली, “अगदीच नव्हे.” १९६४ साली तामिळनाडूतील वेल्लोर येथील तोट्टपाळयम या भागात सापडलेल्या चिचुंद्रीत एक विषाणू आढळला. हंता नावाच्या विषाणूंचे जे घराणे पुढे जगास माहीत झाले, त्यातीलच तो असल्याचे मागाहून कळले. त्यापासून माणसास आजार झाल्याचे दिसलेले नाही; तथापि चिचुंद्रीस उघड्या हाताने शिवू नये, तिचे तोंड लागलेले अन्न टाकून द्यावे, हे योग्यच. उलटपक्षी तिचे उपकारही थोडे नाहीत. उंदरास व घुशीस ओकारी येत नाही. त्यांच्या शरीरात ती सोयच नाही. चिचुंद्रीस येते. म्हणून जपानातील शास्त्रज्ञांनी तिला प्रयोगशाळेत पाळले, आणि मळमळ व ओकारी यांवरील औषधांच्या अभ्यासात तिचा उपयोग होऊ लागला. कर्करोगाच्या औषधांनी ज्यांस ओकाऱ्यांचा असह्य त्रास होतो, त्यांचा त्रास कमी करण्याच्या कामी या क्षुद्र जिवाचा हातभार लागला आहे. हे ऐकून आम्ही काही वेळ बोललो नाही. आमच्या घरी त्या दुखण्याचा अनुभव आहे. अधिक सांगत नाही.

दर्पाचेही कारण तिने सांगितले. चिचुंद्रीच्या दोन्ही कुशींवर गंधग्रंथी असतात. डोळे बारीक, दृष्टी अधू. तेव्हा आपल्या जातभाईंची ओळख व संकटातील बचाव हे सारे तिला गंधावरच भागवावे लागते. साप व मांजर सहसा तिच्या वाटेस जात नाहीत. हिंदी मुलुखात सापाने छछुंदर धरल्याची म्हण आहे. गिळवतही नाही आणि टाकवतही नाही, असा तिचा अर्थ. तुलसीदासांनी रामाच्या वनगमनप्रसंगी कौसल्येच्या मनाची स्थिती सांगताना हाच दृष्टांत योजिला आहे. मनूच्या यादीत जो चोर, तोच तुलसीदासांच्या ग्रंथात राममातेच्या दुःखाशेजारी येऊन बसला. इंग्रज लेखक किपलिंग याच्या १८९४ सालच्या ‘जंगल बुक’ या पुस्तकातही एक चुचुंद्रा आहे. तो बिचारा सदैव भिंतीच्या कडेने रडत फिरतो, खोलीच्या मध्यभागी येण्याचा धीर त्यास कधी होत नाही. आणि मावशीची लक्ष्मी? चीन व तैवान या देशांत चिचुंद्रीस ‘पैशाचा उंदीर’ असेच म्हणतात, कारण तिचा आवाज नाणी खुळखुळल्यासारखा असतो. औंढ्याच्या म्हातारीस जे ऐकू आले, तेच तितक्या दूरच्या लोकांस ऐकू आले होते.

दुपारी आम्ही नरसी नामदेव येथे गेलो. हे गाव हिंगोलीपासून जवळच, कयाधू नदीच्या काठी आहे. नामदेवरायांचे जन्मस्थान म्हणून ते पूज्य आहे. त्यांचा काळ १२७० ते १३५० असा मानतात. शीखांच्या गुरुग्रंथसाहेबात त्यांची ६१ पदे आहेत, म्हणून पंजाबातील भाविकही येथे श्रद्धेने येतात. नदी पुराने गढूळ झाली होती. मंदिरात बसलो असता नामदेवांच्या दोन कथा आम्हांस आठवल्या. पहिली कथा औंढ्याचीच. ज्ञानाचा गर्व उतरविण्याकरिता नामदेव विसोबा खेचरांकडे गेले, तो ते नागनाथाच्या देवळात पिंडीवर पाय ठेवून निजलेले. जेथे देव नाही तेथे माझे पाय ठेव, असे त्यांनी सांगितले, आणि नामदेवांस तशी जागा कोठेही सापडली नाही. दुसरी कथा सर्वांस ठाऊक आहे. कुत्र्याने पोळी पळविली, तर नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले. कोरडी पोळी देवास कशी खाववेल, एवढीच त्यांस काळजी.

या कथा आम्ही वर्गात किती वेळा रंगवून सांगितल्या असतील! मुले ऐकत, आणि आमचेही डोळे भरून येत. परंतु ज्या दिवशी खरोखर एक जीव आमच्या दारी भुकेला होता, त्या दिवशी आम्ही सोवळे नेसून पिंडीवर दुधाची धार धरून बसलो होतो, आणि नागनाथापुढे जाण्याकरिता पाठ वाकविली म्हणजे आपण वाकलो, असे समजत होतो.

परतल्यावर घरच्या मंडळींनी नातीच्या सांगण्यावरून काही व्यवस्था केली. ती वाचकांच्याही उपयोगी पडेल म्हणून देतो. मोरीच्या तोंडास बारीक जाळी बसविली. कोठीच्या दाराखालची फट लाकडी पट्टी ठोकून बुजविली. भाजी व उरलेले अन्न झाकणाच्या डब्यांत ठेवण्याचा नियम केला. झुरळे कमी झाली म्हणजे चिचुंद्रीचेही घरात काम उरत नाही. ती आपण होऊन बाहेरची वाट धरते. पिंजरा लावण्याची वेळ आलीच, तर धरलेले जनावर त्याच घटकेस अंगणापलीकडे सोडावे. एक रात्रही आत ठेवू नये. आणि घरातील वडील माणूस ‘लेकुरवाळी आहे’ असे सांगत असेल, तर पंधरा-वीस दिवस थांबावे. तेवढ्यात पिले मोठी होतात, व आई त्यांस घेऊन जाते.

निघताना मावशीच्या पाया पडलो. आम्ही म्हणालो, “मावशी, माझे चुकले.” तिने आमच्या डोक्यावरून हात फिरविला आणि म्हणाली, “तू लहानपणापासून पोथीतच बघत आलास रे.”

गेल्या महिन्यात सूनबाईचा फोन आला होता. बाळ आता रांगू लागले आहे. परसात सरपणाच्या ढिगाखाली दुसरी एक चिचुंद्री राहावयास आली आहे; घरात येत नाही, भिंतीच्या बाहेरून जाते. रात्री तिचा आवाज आला की सूनबाई मावशीस सांगते, “आजी, तुमची लक्ष्मी आली.” मावशीचे कान आता अगदीच गेले आहेत, तरी ती मान हलविते.

आमच्याकडून एक काम झाले आहे, तेवढे सांगून हा लेख पुरा करतो. आमच्या जुन्या विद्यार्थ्यांपैकी पुष्कळ जण आता स्वतः शिक्षक आहेत. ज्यांचे पत्ते मिळाले, त्यांस आम्ही एकेक कार्ड टाकले आहे. मजकूर एकच: ‘चिचुंद्री हा उंदराचा प्रकार नव्हे. आम्ही तुम्हांस चुकीचे शिकविले. आपल्या वर्गात दुरुस्त करून सांगावे.’ आतापर्यंत एकोणीस कार्डे गेली आहेत. सातांची उत्तरे आली.